वरळीच्या पोटातलं तळं

वरळीच्या टेकडीच्या पोटात बेडूक आहेत. अंगठ्याच्या पेराएवढे लहान, पाय दुमडलेले किंवा ताणलेले, शेल या गाळाच्या काळसर खडकाच्या पातळ थरांत दबलेले. वर जलाशय आहे, वळणं घेत चढणारा रस्ता आहे, समुद्राकडे तोंड केलेल्या इमारती आहेत. त्यांच्याखाली बसाल्टचा कातळ, आणि त्या कातळाखाली एका तळ्याचा गाळ. तो गाळ दगड होऊन ६ कोटींहून जास्त वर्षं झाली.

मुंबईचं वय आपण सात बेटांपासून मोजतो. फार तर घारापुरी आणि कान्हेरीपर्यंत मागे जातो. त्यापलीकडे हे शहर म्हणजे भराव टाकून, समुद्र हटवून माणसाने उभी केलेली जागा, असंच शाळेपासून मनावर ठसलेलं असतं. मला मात्र या शहराबद्दल जी आपुलकी वाटते, तिच्या मुळाशी हे तळं आहे. इथल्या जमिनीला आपल्या येण्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःची वस्ती होती, आणि त्या वस्तीचा पुरावा आपल्या पायांखाली आहे.

दख्खनचं पठार ज्या लाव्ह्याने घडवलं, त्याचा मुख्य भर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि पूर्वी याहूनही मोठा होता. त्या काळाचं चित्र डोळ्यांपुढे आणताना आपण सगळीकडे नुसती आग पाहतो. पण उद्रेक सलग नव्हते. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग पुष्कळ वर्षं काहीच घडायचं नाही. पाऊस पडायचा, कातळ झिजायचा, माती तयार व्हायची, सखल जागी पाणी साठायचं. त्या पाण्याकाठी झाडं उगवायची, पाण्यात जीव यायचे. पुन्हा कधीतरी लाव्हा यायचा आणि ते सगळं झाकून टाकायचा. दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणारे हे गाळाचे थर म्हणजे त्या मधल्या शांततेची नोंद आहे. नागपूरकडे, छिंदवाड्याकडे असे थर भरपूर आहेत. मुंबईचे थर त्यांच्याहून उशिराचे. मुंबईच्या खडकांची जी वयं मोजली गेली, ती ६ कोटी २५ लाख वर्षांच्या आसपास येतात. म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवरून गेले होते, आणि त्यानंतरच्या जगात वरळीच्या तळ्याकाठी हे बेडूक बसत होते.

त्यांची पहिली शास्त्रीय ओळख झाली लंडनला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या टेकड्या दगडासाठी फोडल्या जात होत्या, आणि फुटलेल्या दगडाकडे थांबून पाहणारी काही माणसं शहरात होती. त्यांच्यामार्फत हे नमुने रिचर्ड ओवेनपर्यंत पोचले. १८४२ मध्ये ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारा तोच हा ओवेन. त्यानंतर पाच वर्षांनी, १८४७ मध्ये, त्याने या इवल्या बेडकाचं वर्णन छापलं आणि त्याला राना पुसिला असं नाव दिलं. प्रचंड सरड्यांची कीर्ती जगभर झाली. मुंबईच्या बेडकाचं नाव मुंबईतही कुणाला ठाऊक नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थांबून पाहणाऱ्या त्या माणसांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हेन्री जॉन कार्टर. पेशाने शल्यचिकित्सक, नोकरी मुंबईत. १८५२ मध्ये त्याने मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लेख लिहिला, तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. वरळीच्या थरांतली पानं, देठ, बिया, आणि सायप्रिस जातीच्या जीवांची मिलिमीटरभर लांबीची दुहेरी शिंपलं त्याने नोंदवली. तिथल्याच एका कासवाचंही त्याने वर्णन केलं आणि त्याला लीथ या मुंबईतल्या दुसऱ्या डॉक्टराचं नाव दिलं. पुढे विसाव्या शतकात त्या कासवाच्या प्रजातीला कार्टरचं नाव मिळालं, त्यामुळे आज ते कार्टेरेमिस लीथी म्हणून ओळखलं जातं. दोन डॉक्टर एका कासवाच्या नावात कायमचे एकत्र आले.

पण कार्टरविषयी माझी ओढ आहे ती वेगळ्याच कारणाने. वरळीच्या खडकांवर लिहिण्याच्या काही वर्षं आधी तो मुंबईच्या तलावांतले गोड्या पाण्यातले स्पंज अभ्यासत होता. त्या काळी शहरात तलावच तलाव होते. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, दोन टाकी. आज या सगळ्यांची नावं बसच्या पाट्यांवर उरली आहेत, पाणी बुजवून टाकलेलं आहे. जो माणूस जिवंत तळ्याच्या काठावर बसून तासन्‌तास पाण्यातला जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता, त्यालाच टेकडीच्या दगडात दुसरं तळं दिसलं, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. सायप्रिसचे वंशज तर आजही आपल्या डबक्यांत, भातखाचरांत असतात. ज्याने ते ओंजळीत पाहिले आहेत, त्याला ते दगडातही दिसणार. ज्याने कधी तळंच नीट पाहिलं नाही, त्याच्या हातात वरळीचा शेल दिला तर त्याला तो कोळशाचा खराब तुकडा वाटेल.

मी हा बेडूक पाहिला तो एका महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात, काचेच्या कपाटातल्या खालच्या फळीवर. तळहाताहून लहान चकती, रंग राखाडीकडे झुकणारा काळा. आधी काहीच दिसलं नाही. विभागातल्या बाईंनी टेबललँप बाजूने, अगदी आडवा धरला, तेव्हा तपकिरी रेषा उठल्या. सगळ्यात आधी ओळखू आली मागच्या पायांची लांब हाडं, मांडीचं आणि पोटरीचं, जवळजवळ सारख्या लांबीची. मग कमरेच्या हाडांचा लांबट सांगाडा, त्याच्या मधोमध शेपटीच्या जागी उरलेला सरळ दांडा. मणके मोजकेच. डोकं चेपून रुंद झालेलं, एका बाजूचा जबडा किंचित सरकलेला. एका पुढच्या पायाची बोटंसुद्धा होती, केसाएवढी बारीक, पण प्रत्येक पेर सुटं. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या कुठल्याही अंगणात संध्याकाळी जे उड्या मारत येतं, त्याचीच ही बांधणी. “लँप वरून धरला की जातो तो,” बाई म्हणाल्या, आणि लँप वर धरून दाखवला. खरोखरच गेला.

इतकी नाजूक हाडं टिकली याचं कारण तळ्यातच आहे. अगदी बारीक गाळ, संथ पाणी, तळाशी प्राणवायू कमी. मेलेला जीव तळाला गेला की त्याला विस्कटून टाकणारं तिथे फारसं काही नसायचं. गाळाचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग वर लाव्हा आला. ज्याने तळं संपवलं, त्याच कातळाने पुढे ऊन, पाऊस आणि समुद्र यांपासून त्याचं रक्षण केलं.

या बेडकाचं कूळ शोधण्याचा मोठा प्रयत्न न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या जी. के. नोबल यांनी केला. १९३० मध्ये त्यांनी दाखवलं की आपल्याकडच्या नेहमीच्या बेडकांशी, म्हणजे ‘राना’शी, याचा संबंध नाही. त्याची एक वेगळी प्रजाती मानून त्यांनी तिला इंडोबॅट्राकस असं नाव दिलं आणि तिचं नातं थेट ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी जोडलं. हे नातं नेमकं कसं, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण नोबल यांचं बोट योग्य दिशेला होतं. वरळीचं कासवही तेच सांगतं. ते मान आत सरळ ओढून न घेता बाजूला वळवून कवचाखाली घेणाऱ्या कासवांपैकी होतं. अशी कासवं आज भारतात नाहीत. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे आहेत. भारत त्या वेळी आशियाला चिकटलेला नव्हता. गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटून उत्तरेकडे सरकणारं ते एक मोठं बेटच होतं, आणि वरळीचे जीव त्या बेटाचे प्रवासी होते.

प्रवास एकट्याचा नव्हता. सेशल्स बेटं तेव्हा भारताच्या पश्चिम अंगाला लागून होती, आणि मुंबईचे हे खडक तयार होत होते तेव्हाच ती तुटून दूर जात होती. सेशल्समधल्या काही बेटांवर साधारण याच वयाचे अग्निजन्य खडक आहेत. या ताटातुटीची एक जिवंत खूण २००३ मध्ये जगापुढे आली. केरळात, पश्चिम घाटाच्या इडुक्की भागात, जमिनीखाली राहणारा आणि पावसाच्या तोंडावर थोड्याच दिवसांसाठी वर येणारा एक जांभळट, फुगीर बेडूक सापडला. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइत यांनी त्याचं नाव ठेवलं नासिकाबॅट्राकस. त्याचे जवळचे जिवंत नातेवाईक आहेत फक्त सेशल्समध्ये. मधला समुद्र आता हजारो किलोमीटरचा आहे. बेडकाला खारं पाणी सहसा ओलांडता येत नाही, म्हणजे जमीन दुभंगली तेव्हा कुळाची वाटणी झाली असावी. आपल्या किनाऱ्याचा इतिहास मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणीही सांगितलेला नाही.

किनारा इथेच का आहे, याचंही उत्तर त्या दुभंगण्यात आहे. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात कड्यांकडे पाहिलं की लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकतात आणि पुढे समुद्राच्या दिशेने कलतात. वरळी ते मलबार हिलची रांग याच कलत्या थरांची आहे. गिरगावच्या बाजूने ती उभी चढण, समुद्राकडे उतरती. चौपाटीवर उभं राहून मलबार हिलकडे बघताना हा कल मनात ठेवला तर टेकडीचा आकार एकदम कळतो. शिवडी-वडाळ्याच्या बाजूला तर पाण्यात ओतलेल्या लाव्ह्याचे गोलसर लोड सापडलेले आहेत.

मुंबईच्या दगडांविषयी बोलताना फोर्ट वगळता येत नाही. तिथे आपल्या मातीतला मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा दगड आहे, दोन्ही आगीतून आलेले, त्यांत जीवाश्म नाहीत. पण त्यांच्या शेजारी नक्षीकामाला वापरलेला पोरबंदरचा फिकट दगड आहे. त्याच्या एखाद्या खांबाला भिंग लावून पाहा. सगळा दगड गोल, गुळगुळीत कणांचा दिसतो, आणि कितीतरी कणांच्या आत फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची कवचं असतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेल्या काही लाख वर्षांत साचलेली ही कवचांची वाळू आहे. आणि फ्लोरा फाउंटन तर थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आलेलं आहे. १८६४ चं हे कारंजं पोर्टलंड दगडात कोरलेलं आहे, आणि पोर्टलंड येतं डॉर्सेटच्या त्या किनाऱ्यावर, जिथे लाइम रीजिस गावात मेरी ॲनिंगने दरडी पालथ्या घालून इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या समुद्री सरीसृपांचे जीवाश्म शोधून काढले. पोर्टलंडचा चुनखडक त्या दरडींहून अलीकडचा, तरी १४ कोटी ५० लाख वर्षांच्या घरातला. कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला ज्युरासिक समुद्राचा तळ हुतात्मा चौकात उभा आहे. गेल्या दशकात त्यावरचे तैलरंगाचे थर काढले गेले, हे फार चांगलं झालं. दगड आता श्वास घेतो.

गोदीचं जंगल मात्र खास इथलंच. १८७८ मध्ये प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना चिखलाखाली झाडांची खोडं लागली. साडेतीनशेहून जास्त. त्यातली निम्म्याहून जास्त उभी, मुळं जुन्या मातीत तशीच रोवलेली. लाकूड ओळखलं गेलं ते खैराचं. ऑर्मिस्टन या इंजिनिअरने त्याची नोंद केली आणि ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्याच वर्षी छापून आली. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या वेळीही अशी खोडं मिळाली. ओहोटीच्या पातळीच्याही खाली जंगल, म्हणजे जमीन खचली असली पाहिजे, असं त्या वेळच्या भूवैज्ञानिकांनी मानलं. हा काळ वरळीच्या मानाने अगदी कालपरवाचा. २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरपर्यंत उथळ आहे, त्यामुळे किनारा तेव्हा पश्चिमेला कित्येक मैल लांब होता. आज मुंबई हाय या तेलक्षेत्राचे फलाट जिथे उभे आहेत तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथेही तेव्हा जमीनच होती. तिथपर्यंत कुणी चालत गेलं असेल का, असं माझ्या मनात येतं. माणसं तर या भागात होतीच. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला कांदिवलीच्या परिसरात अश्मयुगातली हत्यारं सापडली, आणि १९३९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली.

शल्यचिकित्सक, गोदीचा इंजिनिअर, नौदलाचा अधिकारी. मुंबईच्या प्राचीन जीवनाची बरीचशी माहिती आपल्याला अशा माणसांनी दिली, ज्यांचं मुख्य काम वेगळंच होतं, आणि ती मिळाली शहर उभं राहत असताना झालेल्या तोडफोडीतून. इथे उघडे कडे कमी, झाकलेली जमीन जास्त. जीवाश्म दिसायचे तर कुणीतरी खणायला हवं आणि खणताना कुणीतरी बघायला हवं. आज मुंबई पूर्वी कधी नव्हती इतकी खोल खणली जाते आहे. आरे ते कफ परेड ३३ किलोमीटरहून लांब भुयारी मेट्रो झाली. मलबार हिलखालून किनारी रस्त्याचे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे गेले. प्रत्येक जुन्या चाळीच्या जागी तीन-तीन मजले खाली वाहनतळ उतरतो आहे. पायाचं काँक्रीट एकदा ओतलं की ती जागा आपल्या आयुष्यात तरी पुन्हा उघडणार नाही.

वरळीच्या एका पुनर्विकासाच्या जागेवर मला आत जाता आलं, नात्यातल्या एकांची ती इमारत. पत्र्याच्या शेडमध्ये कोअर बॉक्स रचून ठेवले होते. जमिनीत बोअर मारून काढलेले दगडाचे दंडगोल, मनगटाएवढे जाड, कप्प्यांत ओळीने मांडलेले, आणि शेजारी मार्करने खोली लिहिलेली. वरचे कप्पे भरावाचे आणि मुरमाचे. मग काळा, घट्ट बसाल्ट, हातभर लांबीचे अखंड तुकडे. आणि त्याखाली एकदम तुकडे तुकडे, पत्त्यांसारखे सुटलेले, गडद राखाडी.

“काका, ही शेल. हिचाच आम्हाला ताप,” साइट इंजिनिअर म्हणाला. “हवा लागली की भुगा होतो. हिच्यावर पाया टेकवता येत नाही, खाली जावं लागतं.”

मी विचारलं, या खोक्यांचं पुढे काय होतं. रिपोर्ट मंजूर झाला की भरावात जातात, तो म्हणाला. त्याने काही लपवलं नाही, त्याच्याकडून तशी कुणी अपेक्षाच केली नव्हती. मी एक तुकडा पाण्याच्या बाटलीने ओला केला आणि भिंग लावलं. काळ्या पृष्ठभागावर आणखी काळे, लांबट डाग होते, झाडाच्या देठांचे असावेत. कडेला, एका थरावर दाटीने, सायप्रिसची शिंपलं होती. मी भिंग त्याच्याकडे दिलं. तो बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, “असली तर चार बॉक्स आहेत माझ्याकडे, दुसऱ्या बोअरची पण आहेत.”

महाविद्यालयातल्या त्या बाईंना मी फोन केला. त्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन टेम्पोनेच आल्या, सोबत प्लॅस्टिकची गुंडाळी, चिकटपट्टी आणि पाण्याचा फवारा. जीवाश्म कुठे आहेत हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, तुकड्याची वरची बाजू कुठली. इंजिनिअरने प्रत्येक कप्प्यावर बाण काढलेला होता, कारण त्याच्याही कामात ते लागतं. बाईंनी मान हलवली, खाली बसल्या, आणि सगळ्यात खोलच्या तुकड्यापासून वरच्या दिशेने आकडे घालायला सुरुवात केली.